उजेड कुठे, सावली किती : फोटो उजळवणारे आणि गडद करणारे प्रीसेट कसे पारखावेत

गेल्या मार्गशीर्षात इंदूरला माझ्या भाचीचे लग्न झाले आणि दोन महिन्यांनी अल्बम घरी आला. अंतरपाट दूर होतानाचा जो फोटो सगळ्यांना हवा होता, त्यात तिचा चेहरा इतका उजळवलेला होता की कपाळावरचे कुंकू फिकट गुलाबी दिसत होते, मुंडावळ्यांचे मोती गालांच्या पांढुरकेपणात हरवले होते आणि हार धरलेले तिचे हात मात्र तिच्या नेहमीच्या गव्हाळ रंगाचेच राहिले होते. "चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे," असे म्हणून तिच्या आजीने अल्बम मिटला. फोटोग्राफरला विचारले तेव्हा त्या तरुणाने प्रामाणिकपणे सांगितले, "काकू, बाराशे फोटो होते. सगळ्यांना तोच प्रीसेट लावला."

या उत्तरात लबाडी नव्हती, पण समजुतीची एक मोठी चूक होती आणि ती आज हौशी आणि धंदेवाईक अशा दोन्ही मंडळींकडून होताना दिसते. फोटोतील काही भाग उजळवणारे आणि काही भाग गडद करणारे तयार प्रीसेट इंटरनेटवर विकत मिळतात, फुकटही मिळतात, आणि त्यांतला चांगला कोणता, असे ओळखीचे लोक मला नेहमी विचारतात. मामांच्या स्टुडिओच्या अंधारखोलीत हे काम हाताने होताना मी लहानपणी पाहिले आणि पुढे संगणकावर स्वतः केले, म्हणून या प्रश्नाचे उत्तर एका नावात न देता मुळापासून द्यावे, असे मला वाटते.

## प्रीसेट म्हणजे जीरावणाची पुडी

प्रीसेट म्हणजे फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममधील स्लायडर कोणत्या आकड्यावर ठेवायचे, हे लिहून ठेवलेली चिठ्ठी. प्रीसेट लावला की प्रोग्रॅम ती चिठ्ठी वाचतो आणि प्रत्येक स्लायडर सांगितलेल्या जागी नेऊन ठेवतो. यापलीकडे त्यात काही नसते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने तुमचा फोटो पाहिलेला नसतो. तो दुपारी काढला की मांडवातल्या पिवळ्या दिव्यांखाली, हे त्याला ठाऊक नसते.

आपल्या इंदुरी पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावणाची पुडी याच जातीची आहे. मसाल्यांचे आपसातले प्रमाण पुडीत ठरलेले असते, पण समोरच्या पोह्यांत मीठ आधीच किती पडले आहे, हे पुडीला कळत नाही. शिवाय तेच जीरावण पातेल्यात कालवले तर सगळ्यांच्या ताटलीत सारखे जाते आणि ताटलीत वरून भुरभुरले तर हवे तिथे, हवे तितके पडते. फोटोंच्या प्रीसेटचेही हेच दोन प्रकार आहेत. काही प्रीसेट सबंध फोटोवर चालतात, तर काही फोटोच्या ठरावीक भागावर. आपला विषय दुसऱ्या प्रकाराचा आहे आणि त्यातच खरी गुंतागुंत आहे, कारण अशा प्रीसेटमध्ये 'किती' याच्या जोडीला 'कुठे' हेही लिहिलेले असते.

'कुठे' सांगणाऱ्या भागाला मास्क म्हणतात. रांगोळीच्या छाप्याला जिथे भोके असतात तिथेच रंग खाली पडतो, तसा मास्क जिथे उघडा असेल तिथेच बदल होतो. फरक इतकाच की मास्कची भोके अर्धवट उघडीही असू शकतात.

## शब्द आले अंधारखोलीतून

भाग उजळवण्याला 'डॉज' आणि गडद करण्याला 'बर्न' म्हणतात. हे शब्द संगणकाच्या कितीतरी आधीचे आहेत आणि त्यांचा मूळ अर्थ कळला नाही तर फार घोटाळा होतो.

मामांच्या अंधारखोलीत लाल दिवा असे. एन्लार्जर नावाच्या यंत्रातून निगेटिव्हची प्रतिमा खालच्या कागदावर पडत असे आणि मामा मनातल्या मनात सेकंद मोजत असत. त्या कागदाचा गुण असा की त्यावर जितका जास्त उजेड पडेल, तितका तो पुढे रसायनात गेल्यावर काळा होतो. म्हणून एखाद्याचा चेहरा काळवंडणार असे दिसले की मामा तारेच्या टोकाला चिकटवलेली पुठ्ठ्याची चकती चेहऱ्यावर धरून उजेड काही सेकंद चुकवत. तो भाग उजळ राहत असे. हे डॉज. उलट, खिडकीतले आकाश अगदीच कोरे राहणार असेल तर बाकीचा कागद दोन्ही तळव्यांनी झाकून, बोटांच्या फटीतून फक्त आकाशावर जास्तीचा उजेड पाडत. तो भाग गडद होत असे. हे बर्न. चकती असो वा हात, तो सतत हलता ठेवावा लागे, कारण स्थिर राहिला तर त्याच्या कडेची रेघ कागदावर उमटून लबाडी उघडी पडे. फोटोशॉपमध्ये डॉजच्या हत्याराचे चित्र दांडीवरच्या चकतीसारखे आणि बर्नचे बोटे वळवलेल्या हातासारखे का आहे, हे यावरून लक्षात येईल.

आता घोटाळा असा, की लग्नाचे फोटो काढणारे आपले लोक "आकाश बर्न झाले" असे म्हणतात, तेव्हा त्यांना नेमके उलट म्हणजे 'पांढरेफटक झाले' असे म्हणायचे असते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उजेड जास्त पडला तर फोटो पांढरा होतो, अंधारखोलीतल्या कागदावर जास्त पडला तर काळा. एकच शब्द दोन टोकांना वापरला जातो. प्रीसेटच्या नावात 'बर्न' असेल तर त्याचा अर्थ गडद करणे असाच घ्यावा.

भागाभागाने उजेड सांभाळण्याची ही गरज छायाचित्रणाइतकीच जुनी आहे आणि आपल्या शहराचा तिच्याशी संबंध आहे. पुढे राजा दीनदयाळ म्हणून प्रसिद्ध झालेले लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, इथेच ते छायाचित्रणाकडे वळले आणि दुसरे तुकोजीराव होळकर हे त्यांचे पहिले आश्रयदाते झाले. त्या पिढीच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असत. त्यामुळे इमारत नीट यावी इतका वेळ भिंग उघडे ठेवले की आकाश सरसकट कोरे पांढरे येई. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात यावर उपाय म्हणून समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हवरून एकाच कागदावर छापले. आजचा 'आकाश गडद करा' हा प्रीसेट त्याच अडचणीवरचा उपाय आहे.

## 'किती' हे कसे मोजतात

उजेडाचे माप 'स्टॉप' या एककात सांगतात. एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट, एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा. अंधारखोलीत कागदाला १२ सेकंद उजेड दिला आणि आकाशाच्या भागाला आणखी १२ सेकंद दिला, तर त्या भागाला एक स्टॉप जास्त मिळाला. संपादनाच्या प्रोग्रॅममधील एक्सपोजरचा स्लायडर याच मापाने चालतो.

हे माप लक्षात घेतले की प्रीसेटची तुलना अंदाजाऐवजी आकड्यांनी करता येते. अडोबी कंपनीच्या लाइटरूम या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ब्रशसोबत (म्हणजे फोटोचा हवा तो भाग हाताने रंगवून निवडायच्या हत्यारासोबत) मिळणारा उजळवण्याचा प्रीसेट एक्सपोजर फक्त ०.२५ ने वाढवतो आणि गडद करण्याचा ०.३० ने कमी करतो. गणित केले तर पहिल्याने उजेड सुमारे १९ टक्के वाढतो आणि दुसऱ्याने जवळपास तितकाच घटतो. बनवणाऱ्यांनी हे आकडे इतके लहान का ठेवले, याचे उत्तर अनुभवाने कळते: ब्रश एका जागी दोनतीनदा फिरवून थर चढवायचा असतो, एका फटक्यात काम उरकायचे नसते. याउलट बाजारात मिळणारे काही प्रीसेट मी उघडून पाहिले तेव्हा त्यांत एकदम एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, आणि वर सावल्या उघडण्याचा, कातडी मऊ करण्याचा, रंग गरम करण्याचा मसाला एकत्र कोंबलेला आढळला. असा प्रीसेट जाहिरातीतल्या एका फोटोवर झगमगतो आणि तुमच्या फोटोवर भाचीच्या चेहऱ्याची गत करतो. म्हणून माझा पहिला सल्ला असा आहे, की प्रीसेट घेतल्यावर तो लावण्याआधी स्लायडर कुठे कुठे हलले ते वाचावे. केवळ उजेड बदलणारा प्रीसेट हा पाच गोष्टी एकदम बदलणाऱ्या प्रीसेटपेक्षा जवळजवळ नेहमीच उपयोगी ठरतो, कारण चूक झाली तर ती कुठे झाली हे कळते.

ब्रशबरोबर 'फ्लो' आणि 'डेन्सिटी' असे दोन शब्द येतात. रांगोळीच्या चिमटीतून एका वेळी किती भुकटी सुटते, तो फ्लो; कितीही वेळा हात फिरवला तरी थर ज्या उंचीपुढे जाणार नाही, ती डेन्सिटी. आणि कडेला बोट फिरवून रंग विरत नेतात, तसे कड किती मऊ ठेवायची, हे 'फेदर' सांगते. फ्लो शंभरावर ठेवून कोणताही डॉजचा प्रीसेट वापरला तर तो भडकच दिसणार, त्यात प्रीसेटचा दोष नाही.

## भाचीच्या फोटोचे कोडे

आता मास्ककडे येऊ, कारण बहुतेक प्रीसेटचे बरेवाईटपण मास्कच्या जातीवर ठरते.

मास्कची सर्वांत साधी जात म्हणजे आकार: फोटोच्या वरून खाली विरत जाणारा पट्टा किंवा मधोमध ठेवलेला लंबगोल. प्रीसेटमध्ये हा आकार चौकटीच्या मापात लिहिलेला असतो, म्हणजे 'वरून इतक्या अंतरावर, डावीकडून इतक्या अंतरावर'. ब्रशने रंगवलेला भागही अशाच मापांनी साठवला जातो. फोटोत तिथे माणूस आहे की खांब, याची प्रीसेटला पर्वा नसते. दुसरी जात छटेवर चालते: फोटोतील अमुक ते अमुक उजळपणाचे भाग निवड, बाकी सोड. हा मास्क फोटोत काय आहे ते निदान पाहतो, पण उजळ गाल आणि उजळ अंतरपाट यांत त्याला फरक कळत नाही. तिसरी जात अलीकडची. लाइटरूममध्ये ऑक्टोबर २०२१ पासून प्रोग्रॅम स्वतः फोटोचा मुख्य विषय किंवा आकाश ओळखून मास्क तयार करू लागला आणि २०२२ पासून असे प्रीसेटही आले, जे प्रत्येक फोटोवर लावताना मास्क नव्याने आखतात.

भाचीच्या फोटोचे कोडे मी त्या तरुणाच्या संगणकावर प्रीसेट उघडला तेव्हा सुटले. त्यात चौकटीच्या वरच्या मध्यभागी एक लंबगोल मास्क होता. प्रीसेट ज्याने बनवला, त्याच्या फोटोत तिथे कोणा एकट्या मुलीचे डोके असणार. भाचीच्या फोटोत त्या लंबगोलात तिचा चेहरा सापडला, हात खाली बाहेर राहिले आणि तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या तिच्या मामाचा अर्धा फेटाही उजळून निघाला, जो तोवर कोणाच्या लक्षातच आला नव्हता. बाराशे फोटोंत तो लंबगोल कुठे कुठे पडला असेल, हे आम्ही नंतर पानापानावर पाहिले: कुठे भटजींच्या खांद्यावर, कुठे हॉलच्या पंख्यावर.

त्यामुळे ठरावीक आकाराचा किंवा रंगवलेला मास्क असलेला प्रीसेट अनेक फोटोंवर एकदम कधीही लावू नये. तो वापरायचाच असेल तर लावल्यावर प्रत्येक फोटोत मास्क हाताने जागेवर सरकवावा.

## "मग सगळे एआयवर सोपवले तर?"

हा प्रश्न आता प्रत्येक जण विचारतो आणि तो योग्य आहे. माणूस ओळखून आखलेला मास्क खरोखरच पुष्कळ वेळ वाचवतो आणि लंबगोलाची चूक त्यात होत नाही. परंतु त्याची परीक्षा चेहऱ्याच्या मध्यावर न घेता कडेला घ्यावी. मोकळे केस, गजऱ्यातली सुटी फुले, कपाळावरून लोंबणाऱ्या मुंडावळ्या, पारदर्शक पदर, चष्म्याच्या काचा, या जागी मास्क कधी अर्धवट तुटतो, कधी मागची भिंतही थोडी आत घेतो. मग चेहरा उजळला की केसांभोवती फिकट वलय दिसते आणि पार्श्वभूमी गडद केली की गजऱ्याच्या काही कळ्या काळवंडतात. मास्क तांबड्या पडद्यासारखा दाखवण्याची सोय असते. ती चालू करून फोटो मोठा करावा आणि कानापासून केसांपर्यंतची कड डोळ्यांखालून घालावी. बदल पाव स्टॉपचा असेल तर लहान चुका लपून जातात, एक स्टॉपचा असेल तर त्याच चुका ओरडून सांगतात.

आणखी एक गोष्ट एआयला ठरवता येत नाही. फोटोत तीन माणसे असतील तर उजेड कोणावर असावा, हा निर्णय फोटो ज्याला जपायचा आहे त्याचाच. अंतरपाटाच्या त्या फोटोत नवरी महत्त्वाची, की तिच्याकडे पाहणारा नवरा, की मागे डोळे पुसणारी आई?

## उजेड बदलला की रंगही हलतो

काही प्रीसेट फक्त सावल्यांवर, काही मधल्या छटांवर, तर काही उजळ भागांवर काम करतात. फोटोशॉपच्या डॉज आणि बर्न हत्यारांतही हेच तीन पर्याय असतात. चेहऱ्यासाठी बहुधा मधल्या छटाच योग्य. उजळ भाग आणखी उजळवले तर कपाळावरची चमक पांढरा डाग होते आणि सावल्या फार उघडल्या तर त्यांत दडलेले दाणे वर येतात.

याहून कमी बोलले जाणारे म्हणजे रंगाचे हलणे. डिजिटल फोटोत प्रत्येक बिंदू लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी बनतो. साध्या जेपीईजी फाइलमध्ये प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान असतो. कातडीच्या रंगात, मग ती गोरी असो वा सावळी, तिघांत लाल आकडा सर्वांत मोठा असतो. म्हणून चेहरा उजळवत नेला की आधी लाल आकडा २५५ च्या छताला टेकतो, हिरवा आणि निळा मात्र चढत राहतात, आणि चेहऱ्याचा ताजेपणा जाऊन तो पिवळट, मग पांढुरका होतो. कुंकू गुलाबी होण्याचे कारण हेच. लाल शालूचे तर आणखी अवघड असते. त्यात लाल आकडा मुळातच छताजवळ असल्यामुळे डोळ्यांना शालू फारसा उजळ वाटत नसतानाही त्यातली जरीची आणि विणीची बारीक नक्षी पुसली गेलेली असते. म्हणूनच छटांचा आलेख (हिस्टोग्राम) पाहताना एकत्रित आलेखावर न थांबता तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहावेत.

गडद करतानाची चूक उलट दिशेची असते. काही पद्धतींत सावली वाढवली की रंग दाट होतो आणि गालाची कड विटेसारखी तांबूस दिसू लागते. फोटोशॉपमध्ये गडद करण्याचा थर (लेअर) 'ल्युमिनॉसिटी' या प्रकारावर ठेवला तर फक्त उजेड बदलतो आणि रंग बराचसा जागेवर राहतो. दोन प्रीसेटची तुलना करताना मी तरी आधी हेच पाहते.

फाइल कोणती आहे यानेही निकाल बदलतो. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर कॅमेऱ्याच्या १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या मूळ नोंदीत, १६,३८४. मोबाइलवर आलेला, दोनदा दाबून लहान केलेला फोटो उजळवायला गेले तर पायऱ्या तुटून आकाशात पट्टे दिसू लागतात. रॉसाठी बनवलेला प्रीसेट जेपीईजीवर फसला म्हणून त्याला वाईट ठरवणे न्यायाचे नाही.

## उजळवण्याआधी शेजार गडद करून पाहावा

माझे सर्वांत ठाम मत इथे सांगते: बहुतेक फोटोंत चेहरा उजळवण्याची गरजच नसते, चेहऱ्याचा शेजार गडद करण्याची असते. आपला डोळा उजेड एकट्याने मोजत नाही, शेजारच्या तुलनेत मोजतो. एकच करडा रंग काळ्या पाटावर फिका दिसतो आणि पांढऱ्या पाटावर गडद. एडवर्ड एडल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये याचे एक चित्र तयार केले: बुद्धिबळाच्या पटावर एका नळकांड्याची सावली पडली आहे, सावलीतला 'पांढरा' चौकोन आणि उजेडातला 'काळा' चौकोन अगदी एकाच करड्या रंगाचे आहेत, तरी ते तसे आहेत हे मोजल्याशिवाय कोणाला पटत नाही.

लग्नाच्या हॉलमध्ये मागे लखलखीत पडदे, दिव्यांच्या माळा आणि पांढऱ्या खुर्च्या असतात. त्यांच्यापुढे कोणताही चेहरा काळवंडलेलाच वाटतो. पार्श्वभूमी अर्धा स्टॉप खाली आणली की चेहऱ्याला हात न लावता तो उजळ भासतो आणि कातडीचा रंग, कुंकू, मोती सगळे शाबूत राहते. मामा म्हणत असत, की चांगल्या प्रिंटमध्ये चकतीपेक्षा हातांना जास्त काम असते. म्हणून प्रीसेटचा संच पारखताना त्यातले गडद करणारे प्रीसेट किती संयमी आहेत, यावर मी संचाची किंमत ठरवते.

## प्रत्यक्ष तुलना कशी करावी

मी नेहमी तेच तीन फोटो वापरते. पहिला भर दुपारच्या इंदूरच्या राजवाड्याचा. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत; वर लाकडी सज्ज्यांतली गर्द सावली आणि लगेच त्यामागे पांढरे आकाश, असा टोकाचा फरक एकाच चौकटीत मिळतो, त्यामुळे आकाश गडद करणाऱ्या प्रीसेटने छताच्या कडेला वलय उमटवले तर ते तत्काळ दिसते. दुसरा रंगपंचमीच्या गेरीतला, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीतला, गुलालाने भरलेला. लाल रंग छताला कधी टेकतो, हे त्यात कळते. तिसरा फोटो घरच्या मंडळींचा, ज्यात सावळी आजी, गव्हाळ सून आणि गोरा नातू एकत्र बसले आहेत. चेहऱ्याचा प्रीसेट तिघांनाही मानवला तरच तो ठेवण्यासारखा.

एकाच फोटोच्या प्रती करून प्रत्येकीवर एकेक प्रीसेट लावावा आणि मग, हे फार महत्त्वाचे आहे, सगळ्या प्रतींचा एकूण उजळपणा सारखा करून घ्यावा. मोठ्या आवाजात वाजवलेली तबल्याची जोडी जशी पहिल्या ऐकण्यात अधिक सुरेल वाटते, तसा दोन फोटोंतला जास्त उजळ फोटो पहिल्या नजरेत नेहमी सरस वाटतो. प्रीसेट विकणाऱ्यांच्या 'आधी' आणि 'नंतर'च्या जोड्या याच दुबळेपणावर उभ्या असतात. उजळपणा समान केला की नजर मुद्द्यावर येते: कड दिसते का, रंग हलला का, चेहऱ्याची गोलाई टिकली की तो सपाट झाला.

थोडा वेळ फोटो कृष्णधवल करून पाहिल्यास रंगाचा मोह बाजूला पडतो आणि उजेडाची मांडणी उघडी दिसते. मोबाइल किंवा संगणकाच्या पडद्याचा आपोआप बदलणारा उजळपणा बंद करावा, आणि शक्य असेल तर अंतिम निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा, कारण तासभर एकाच फोटोकडे पाहणारा डोळा त्या भडकपणाला सरावतो.

मोबाइलवर काम करणाऱ्यांसाठी स्नॅपसीडमध्ये बोटाने डॉज आणि बर्न करण्याचा ब्रश आहे, आणि संगणकावर गिंप व डार्कटेबल हे फुकट प्रोग्रॅमही हे काम करतात. लाइटरूमसाठी विकत घेतलेले प्रीसेट मात्र त्यांत चालत नाहीत.

## "चेहरा जरा गोरा करा ना"

फोटोग्राफरची बाजूही सांगितली पाहिजे. "जरा उजळ करा हं," असे मुलीकडची माणसेच त्याला सांगतात आणि तो 'उजळ' म्हणजे 'गोरी' असा अर्थ घेतो, कारण पुष्कळदा सांगणाऱ्याच्या मनातही तोच असतो. परंतु चेहऱ्यावर उजेड पाडणे आणि कातडीचा रंग बदलणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीत माणूस खिडकीजवळ येऊन बसल्यासारखा दिसतो. दुसरीत तो दुसराच कोणी होतो. ओळखायची खूण आजीने नकळत सांगितलीच होती: चेहरा, गळा आणि हात यांचे आपसातले नाते टिकले पाहिजे.

ही ओढ तंत्रातही मुरलेली आहे. विसाव्या शतकात कोडॅकच्या रंगीत छपाईच्या जुळणीसाठी प्रयोगशाळांत जी नमुनापत्रे वापरली जात, त्यांवर अनेक दशके गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे आणि तिची कातडी नीट आली की यंत्र नीट जुळले, असे मानले जाई. गडद करण्यातही तितकाच अन्याय होऊ शकतो. जून १९९४ मध्ये अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने खुनाच्या आरोपाखाली अटक झालेल्या ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय माजी खेळाडूचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर बराच गडद करून छापला. त्याच आठवड्यात 'न्यूजवीक'ने तोच फोटो बदल न करता छापला होता. दोन्ही अंक शेजारी शेजारी दिसले आणि मोठा संताप उसळला. तिथे मुख्य बदल छटांचाच होता.

## "मग हे सगळे खोटेच नाही का?"

ज्याला असे वाटते, त्याने हे लक्षात घ्यावे की अंधारखोलीच्या काळातही निगेटिव्हला प्रिंटचा कच्चा मालच समजत. अमेरिकी छायाचित्रकार अँसेल अ‍ॅडम्स याने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्यावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला; त्याच निगेटिव्हवरून पुढे अनेक वर्षे तो प्रिंट काढत राहिला आणि आकाश अधिकाधिक काळे करत गेला. तो पियानो शिकलेला होता आणि निगेटिव्हची तुलना लिहिलेल्या स्वरलिपीशी, तर प्रिंटची प्रत्यक्ष वादनाशी करत असे. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात हे वेगळे समजावून सांगायला नको. बंदिश तीच असते, प्रत्येक बैठकीत ती नव्याने उभी राहते.

बातमीच्या फोटोंना मात्र कडक मर्यादा आहेत आणि त्या असायलाच हव्यात. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था किरकोळ डॉज आणि बर्न चालवून घेते, आशय बदलेल इतके नाही. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत अंतिमच्या आधीच्या फेरीतील सुमारे २० टक्के छायाचित्रे मूळ फाइलींशी ताडून पाहिल्यावर संपादनातील फेरफारांमुळे बाद झाली. कोपऱ्यातला माणूस दिसेनासा होईल इतका कोपरा काळा करणे हे त्याला खोडून टाकण्यासारखेच आहे. लग्नाचा अल्बम ही बातमी नव्हे, तरीही चाळीस वर्षांनी तो उघडणाऱ्या नातवंडांना आजी कशी दिसत होती, हे त्यातूनच कळणार असते.

## कागदावर पुन्हा

त्या तरुणाने रॉ फाइल आनंदाने दिली आणि आम्ही दोघांनी बसून तो एक फोटो पुन्हा केला. आधी प्रीसेट पूर्ण काढून टाकला. मागचे पडदे आणि दिव्यांच्या माळा अर्धा स्टॉप खाली घेतल्या. मामाच्या फेट्याला ब्रशने ०.३० ची सावली दिली. चेहरा, गळा आणि हात यांचा मिळून एकच मास्क केला आणि तो फक्त ०.१५ ने उजळला. त्यातून कुंकू आणि मुंडावळ्या वगळल्या. शेवटी खाली झुकलेल्या पापण्यांखाली पाव स्टॉप उजेड दिला. पडदा स्वतः प्रकाश फेकतो आणि कागद फक्त परतवतो, त्यामुळे छापल्यावर फोटो नेहमीच थोडा मंद वाटतो. म्हणून आधी लहान आकाराचा नमुना छापून घेतला, तो खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि मग सबंध फोटो ०.१० ने वर घेऊन अल्बमच्या मापात छापला.

आजीने तो हातात घेतला, चष्मा पुसला, आधी नवरीचे हात पाहिले आणि मग चेहरा.